मोठे इंजिन की पुरते वापरता येणारे इंजिन?

चाकांमागचे गणित : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण गाडीचे वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर कसे वाटले जाते आणि त्यावर वळणातला तिचा स्वभाव कसा ठरतो, ते पाहिले. आज त्यालाच जोडून येणारा प्रश्न घेऊ. एकाच स्पोर्ट्स कारला कंपनी दोन इंजिने देते, एक लहान आणि एक मोठे, तेव्हा निवड कशावरून करायची? बहुतेकांचे उत्तर तयार असते. खिशाला परवडत असेल तर मोठे घ्यावे, नसेल तर लहानावर भागवावे. या हिशेबात लहान इंजिन घेणाऱ्याने मनाला मुरड घातली असेच धरले जाते. आपल्याकडे तर सीसी हा आकडा करापासून प्रतिष्ठेपर्यंत सगळीकडे पायरी ठरवतो. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्के जीएसटीत बसते, त्यापुढची ४० टक्क्यांत जाते. त्यामुळे जास्त सीसी म्हणजे वरची गाडी ही सवय आपल्या मनात पक्की आहे. हलक्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही सवय दिशाभूल करते, असे माझे म्हणणे आहे. सार्वजनिक रस्त्यावर चालवायची असेल, तर अशा गाडीत लहान इंजिन ही पहिली पसंती असू शकते, आणि ते आकड्यांनिशी दाखवता येते.

उदाहरण म्हणून माझदा एमएक्स-५ घेऊ. दोन आसनांची, उघड्या छपराची, मागची चाके फिरवणारी ही जपानी गाडी १९८९ मध्ये आली. भारतात ती अधिकृतपणे विकली जात नाही, पण या प्रश्नासाठी तिच्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या तिच्या चौथ्या पिढीला युरोपात दोन इंजिने मिळाली. दोन्ही चार सिलिंडरची, दोन्ही टर्बोविना, आणि दोन्हींना तोच सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. १.५ लिटरचे इंजिन ७००० आरपीएमला १३१ अश्वशक्ती आणि ४८०० आरपीएमला १५० न्यूटन-मीटर टॉर्क देत होते. २ लिटरचे इंजिन ६००० आरपीएमला १६० अश्वशक्ती आणि ४६०० आरपीएमला २०० न्यूटन-मीटर देत होते. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोहोचायला लहान इंजिनाला ८.३ सेकंद लागत, मोठ्याला ७.३. कमाल वेग अनुक्रमे २०४ आणि २१४. माहितीपत्रकातले हे दोन रकाने शेजारी ठेवले की निकाल लागल्यासारखा वाटतो. तो किती खरा आहे हे तपासायचे तर गाडी रस्त्यावर काय करते ते पाहावे लागेल.

लहान इंजिनाविरुद्धचा सगळ्यात नेहमीचा आक्षेप ओव्हरटेकचा असतो. टॉर्क कमी, म्हणजे गाडी खेचणार नाही, म्हणजे ट्रकच्या मागे अडकून पडावे लागणार. आकडा खरा आहे. २०० हे १५० पेक्षा ३३ टक्क्यांनी जास्त आहेत. पण इंजिनाचा टॉर्क थेट रस्त्यावर उतरत नाही, तो गिअरमधून गुणला जाऊन चाकांपर्यंत पोहोचतो. या गाडीत सहाव्या गिअरचे गुणोत्तर १ आहे आणि तिसऱ्याचे २.०३५. म्हणजे सहाव्यातून तिसरा गिअर टाकला की तोच टॉर्क चाकांवर दुपटीहून अधिक होऊन येतो. शिवाय इंजिनही योग्य जागी येऊन बसते. १.५ लिटरची गाडी ताशी ८० च्या वेगाने सहाव्या गिअरमध्ये चालली असेल, तर इंजिन सुमारे २००० आरपीएमवर असते. तिसऱ्यात तेच ४१०० च्या आसपास जाते, म्हणजे कमाल टॉर्कच्या उंबरठ्यावर. चढ लागला की सायकलस्वार हलका गिअर टाकतो आणि पाय भराभर मारतो, त्यातलेच हे गणित. मोठ्या इंजिनाने जी ३३ टक्क्यांची वाढ विकत मिळते, तिच्या तिप्पट वाढ डाव्या हाताच्या किंवा उजव्या हाताच्या एका हालचालीत, काहीही खर्च न करता मिळते. सहाव्या गिअरमध्येच पाय दाबून ओव्हरटेक करायचे असेल तर मोठे इंजिन नक्कीच बरे. पण गिअर बदलण्याचा कंटाळा असणाऱ्याने मॅन्युअल स्पोर्ट्स कार का घ्यावी, हा प्रश्न उरतोच.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. स्पोर्ट्स कार आपण प्रवासाची सोय म्हणून घेत नाही, चालवण्याच्या आनंदासाठी घेतो. तो आनंद इंजिनाकडून पूर्ण काम करून घेण्यात असतो. अॅक्सिलरेटर तळाला, काटा लाल रेषेकडे, नेमक्या क्षणी पुढचा गिअर, आणि वळणाआधी पुन्हा खालचा. असे करायला रस्ता किती मुभा देतो? जर्मनीत गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, ब्रिटनमध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ६० मैल, म्हणजे ९७ किलोमीटर. एमएक्स-५ चा दुसरा गिअर ७५०० आरपीएमला याच वेगाजवळ, शंभराच्या आसपास संपतो. म्हणजे कायद्याच्या चौकटीत इंजिनाचा पुरा पल्ला वापरायला मिळतो तो पहिल्या दोन गिअरपुरता. ही जागा ठरलेली आहे. इंजिन जितके ताकदवान, तितक्या लवकर ती संपते. ज्या इंजिनाला शंभरापर्यंत जायला ८.३ सेकंद लागतात, ते चालकाला त्या मर्यादेत जास्त वेळ काम करू देते. मोठ्या इंजिनाची उरलेली ताकद वापरायची तर शंभराच्या वर जावे लागते, आणि तिथे हिशेब झपाट्याने बदलतो. वेग १०० वरून १२० वर गेला की गाडीतली गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, आणि ती सगळी ब्रेकना, किंवा दुर्दैवाने समोरच्या गोष्टीला, झेलावी लागते. थोड्या वेगात भरपूर आनंद देणारी गाडी ही म्हणूनच चालकासाठीही बरी आणि रस्त्यावरच्या इतरांसाठीही.

दुसरा मुद्दा वजनाचा, आणि तो गेल्या लेखाशी थेट जुळतो. या पिढीची एमएक्स-५ आधीच्या पिढीपेक्षा सुमारे १०० किलोने हलकी करण्यात आली. २०१५ मध्ये जपानमधली सर्वांत साधी १.५ लिटरची गाडी अवघी ९९० किलो भरत होती. वजन इतके उतरवल्यावर इंजिनही लहान करता आले. १९८९ च्या पहिल्या गाडीत १५९७ सीसीचे इंजिन होते, २०१५ च्या या गाडीत १४९६ सीसीचे. पाव शतकाने आलेल्या वारसाला पूर्वजापेक्षा लहान इंजिन देणे हे मोटार उद्योगात क्वचित घडते. युरोपात मोठ्या इंजिनासोबत गाडी साधारण २५ किलोने जड होते. चाकेही १६ इंचांऐवजी १७ इंचांची येतात आणि टायर १९५ मिलिमीटरऐवजी २०५ चे. चाकांचे वजन स्प्रिंगच्या खाली असते, त्यामुळे ते वाढले की खड्ड्यावरून जाताना चाक पुन्हा रस्त्याला टेकायला जास्त वेळ घेते. रुंद टायर वळणात जास्त पकड देतो, हे खरे. पण अरुंद टायरची पकड कमी वेगात संपत येते, आणि ती संपत आल्याची सूचना स्टिअरिंगमधून हाताला त्याच कमी वेगात मिळते. इंजिनाबाबत पाहिलेले तत्त्व इथेही तसेच लागू पडते. गाडीची सीमा आपल्या आवाक्यात असेल तरच तिच्याजवळ जाता येते.

यावर कोणी म्हणेल की जपानमध्ये लहान इंजिन आले ते केवळ करामुळे. तिथे वार्षिक मोटार कर सीसीवर ठरतो, ही गोष्ट खरी. ऑक्टोबर २०१९ नंतर नोंदलेल्या गाडीला १.५ लिटरपर्यंत ३०,५०० येन आणि २ लिटरपर्यंत ३६,००० येन भरावे लागतात. फरक वर्षाला साडेपाच हजार येनचा. दोनच माणसे बसणारी गाडी हौसेने घेणाऱ्याचा निर्णय एवढ्यावर फिरेल असे वाटत नाही. त्याहून बोलका पुरावा माझदाच्या स्वतःच्या निवडीत आहे. जपानमध्ये जवळपास दशकभर कापडी छपराची गाडी फक्त १.५ लिटर इंजिनासह विकली गेली, आणि घडी होणाऱ्या कडक छपराच्या, सुमारे ११०० किलोच्या आरएफला २ लिटरचे इंजिन दिले गेले. तीच कंपनी, तोच कर, तेच ग्राहक. वजन पाहून इंजिन ठरवले गेले, हा याचा सरळ अर्थ.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो २०१८ मध्ये जन्माला आला. त्या वर्षी माझदाने २ लिटरचे इंजिन नव्याने घडवले. आधी ते ६८०० आरपीएमला थांबे, तर लहान इंजिन ७५०० पर्यंत जाई. कारण समजण्यासारखे होते. मोठ्या इंजिनात पिस्टनची धाव ९१.२ मिलिमीटर, लहानात ८५.८. धाव लांब असली की प्रत्येक फेऱ्यात पिस्टनला जास्त अंतर कापावे लागते. आणि फेरे वाढले की पिस्टन व कनेक्टिंग रॉडवरचा ताण वर्गाच्या पटीत चढतो. ६८०० वरून ७५०० वर जाणे म्हणजे दहा टक्के वाढ, पण ताण सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. म्हणून प्रत्येक पिस्टन २७ ग्रॅमने आणि प्रत्येक रॉड ४१ ग्रॅमने हलका करण्यात आला. लाल रेषा ७५०० वर गेली, ताकद १८४ अश्वशक्ती झाली आणि शंभरापर्यंतचा वेळ ६.५ सेकंदांवर आला. आता मोठे इंजिनही तितकेच उत्साहाने फिरते, मग लहानाचा फायदा कुठे राहिला? इंजिन म्हणून पाहिले तर हा आक्षेप मान्यच करायला हवा. नवे इंजिन जुन्यापेक्षा सर्वार्थाने सरस आहे. पण रस्ता तोच आहे. दोन्ही गाड्यांचा दुसरा गिअर शंभराजवळच संपतो. एक तिथे ६.५ सेकंदांत पोहोचते, दुसरी ८.३ मध्ये. मोठ्या इंजिनाचा स्वभाव सुधारला, मात्र तो अनुभवायला मिळणारा अवधी आणखी आखूड झाला.

पोर्शच्या उदाहरणाने कोणी याच्या उलट बाजू मांडू शकेल. २०१६ मध्ये ७१८ केमनला सहा सिलिंडरऐवजी चार सिलिंडरची लहान टर्बो इंजिने बसवण्यात आली. २.५ लिटरच्या ‘एस’ गाडीला ३५० अश्वशक्ती होती, आधीच्या ३.४ लिटरच्या ‘एस’पेक्षा २५ ने जास्त. तरीही जुन्या आवाजाची आणि स्वभावाची ओढ राहिली, आणि २०२० मध्ये जीटीएस गाडीत ४ लिटरचे टर्बोविना सहा सिलिंडरचे इंजिन परतले. इथे मोठे इंजिन जिंकले ना? जिंकले, पण आकारामुळे जिंकले असे म्हणता येणार नाही. २.५ लिटरच्या टर्बोचा ४२० न्यूटन-मीटर टॉर्क खालच्या फेऱ्यांतच हाती येतो, तर ४ लिटरचे इंजिन ७००० आरपीएमला कमाल ताकद गाठून ७८०० पर्यंत चढत जाते. ज्या गुणासाठी एमएक्स-५ मध्ये लहान इंजिनाची बाजू घेतली, तोच गुण केमनमध्ये मोठ्या इंजिनात सापडतो. त्यामुळे ‘लहान ते चांगले’ असा नवा नियम करण्याची गरज नाही. ताकद कशी वाढत जाते आणि ती आपल्या रस्त्यावर किती वापरता येते, हे दोन निकष पुरेसे आहेत.

हेच निकष काही जणांना मोठ्या इंजिनाकडे नेतील, आणि ते योग्यच ठरेल. जो नियमाने ट्रॅकवर जातो, त्याच्यापुढे वेगमर्यादेची भिंत नाही. तिथे १८४ अश्वशक्ती प्रत्येक सरळ पट्ट्यावर कामाला येते. ज्याचे बहुतेक अंतर लांब महामार्गावर, सामानासह आणि सोबत्यासह कापले जाते, त्याला कमी फेऱ्यांत मिळणारा टॉर्क सुखाचा वाटेल. ऑटोमॅटिक हवी असणाऱ्याचेही तसेच. काही देशांत मागच्या चाकांतली ताकद नीट वाटणारे लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल मोठ्या इंजिनासोबतच दिले जाते. ते हवे असेल तर कारण इंजिनाचे नसून विक्रीच्या बांधणीचे आहे, एवढे ओळखून घ्यावे. अमेरिकेत तर ही गाडी २ लिटरच्याच इंजिनासह येते, त्यामुळे तिथल्या मराठी वाचकांपुढे हा पर्याय नाही. ब्रिटनमध्ये किंवा युरोपात जुनी गाडी घेणाऱ्यांपुढे तो आहे, आणि त्यांनी लहान इंजिनाच्या गाडीकडे ‘तेवढेच परवडले’ अशा नजरेने पाहू नये.

गाडी निवडताना माहितीपत्रकातला सेकंदांचा रकाना सर्वांत आधी वाचायची आपली सवय आहे. तो रकाना गाडी काय करू शकते एवढेच सांगतो. तुम्ही तिच्याकडून रोज काय करून घेऊ शकाल, हे तुमचा रस्ता, तिथली वेगमर्यादा, गाडीचे वजन आणि गिअरची गुणोत्तरे सांगतात. या चार गोष्टी मांडून हिशेब करा आणि मग दोन्ही गाड्या ओळखीच्या, वळणावळणाच्या रस्त्यावर चालवून पाहा. हलक्या गाडीत, साध्या रस्त्यावर, हिशेब बहुधा लहान इंजिनाच्या बाजूने झुकेल. झुकला तर वाचलेले पैसे चांगल्या टायरसाठी ठेवावेत, कारण इंजिनाची सगळी ताकद शेवटी तळहाताएवढ्या चार ठिपक्यांतूनच रस्त्यावर उतरते. ते ठिपके पकड कशी धरतात आणि कधी सोडतात, हा पुढच्या आठवड्याचा विषय.