पोपटाची आंघोळ आणि वहीतला 'नाही'चा रकाना

नेट, सेट, पेट यांतून पार पडून सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांपैकी बरेच जण एकच गोष्ट विचारतात: "मी मोजणार काय, हे नेमकं ठरवायचं कसं?" पुस्तकात याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. एखादी कल्पना, उदाहरणार्थ 'भीती' किंवा 'सवय', आपण कोणत्या दिसणाऱ्या गोष्टीवरून ओळखणार ते आधीच लिहून ठेवणं. परीक्षेत हे वाक्य लिहून दोन गुण मिळतात. पण व्याख्या चुकली की काय होतं, ते मला आचऱ्यात काकीच्या पडवीत एका पक्ष्याने दाखवलं. आज तीच गोष्ट सांगतो.

काकीकडे मिठू नावाचा कॉकाटील आहे. दुकानात त्याला सर्रास 'कॉकटेल' म्हणतात. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, करड्या रंगाचा, डोक्यावर तुरा. पोपटांच्याच गणातला. त्याने कधी आंघोळ केलेली कोणी पाहिली नव्हती. या पक्ष्यांच्या अंगातून पांढरी पूड झडते, ती पडवीभर उडायची. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला संशोधक! झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेतली आणि रोज सकाळी त्याच्यावर फवारायला लागलो. काकी म्हणाली, "रे झिला, तो पाण्याक भियता. रवांदे त्येका." मी ऐकलं नाही.

पहिल्या दिवशी तो पिंजराभर आपटला. दुसऱ्या दिवशी फुसकारला. चौथ्या दिवशी मात्र दांडीवर गप्प बसून राहिला आणि मी वहीत लिहिलं: "सवय झाली." त्याच दुपारी त्याने माझ्या हातातलं राळ्याचं कणीस घेतलं नाही. आदल्या आठवड्यापर्यंत तो ते ओढून घ्यायचा.

इथे थांबा आणि विचार करा. माझी व्याख्या होती: 'हालचाल थांबली म्हणजे भीती गेली.' ही व्याख्या मोजता येते, दोन माणसांनी मोजली तरी आकडा तोच येईल. म्हणजे ती विश्वसनीय आहे. पण ती वैध आहे का?

आधी एक गोष्ट: कोणता पोपट?

कोकणात 'पोपट पाळलाय' म्हटलं की बहुतेकदा कंठवाला हिरवा पोपट डोळ्यांसमोर येतो. तो, करण पोपट, तुईया, हे सगळे आपल्याकडचे रानटी पक्षी आहेत आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार त्यांना पकडणं, विकणं आणि घरात ठेवणं गुन्हा आहे. तसा पक्षी घरी असेल तर त्याला आंघोळ शिकवण्याचा प्रश्नच येत नाही. वन विभागाशी बोला. परस्पर सोडूनही देऊ नका, कारण पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर तग धरेलच असं नाही. पुढचं सगळं कॉकाटील, बजरीगर यांसारख्या परदेशी जातींच्या पाळीव पक्ष्यांबद्दल आहे.

आंघोळीने नेमकं काय होतं?

पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी बारीक तंतू असतात आणि ते एकमेकांत आकड्यांनी अडकलेले असतात. धूळ बसली, आकडे सुटले की पीस विस्कटतं. ओलं झाल्यावर पक्षी चोचीने एकेक पीस ओढून ते पुन्हा नीट लावतो. हे झालं वर्णन. पण 'आंघोळ न मिळाल्याने पक्ष्याचं काही बिघडतं का?' हा वेगळा प्रश्न आहे, त्याला प्रयोग लागतो.

बेन ब्रिलो आणि मेलिसा बेटसन यांनी 2012 साली 'बायोलॉजी लेटर्स'मध्ये असा प्रयोग मांडला. पक्षी होते युरोपातले स्टार्लिंग, म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातले. काहींना आंघोळीला पाणी मिळालं, काहींना नाही. मग सगळ्यांना त्यांच्याच जातीचा धोक्याचा आवाज ऐकवला. ज्यांना पाणी मिळालं नव्हतं ते त्यानंतर खायला कमी तयार झाले आणि जास्त सावध राहिले. जणू संदिग्ध आवाजही त्यांना जास्त धोक्याचा वाटला. लेखकांनी त्यावरून म्हटलं की बंदिस्त पक्ष्यांना आंघोळीचं पाणी ठेवणं त्यांच्या कल्याणासाठी महत्त्वाचं आहे.

आता नीट वाचा. पक्ष्यांना पाणी *उपलब्ध* होतं. कोणी त्यांच्यावर फवारलं नव्हतं. शिवाय जात वेगळी. त्यामुळे या प्रयोगावरून 'मिठूवर फवारा मारा' असं निघत नाही. 'मिठूसमोर पाणी ठेवा' एवढं फार तर निघतं. संदर्भ-साहित्य वाचताना हा फरक सुटतो आणि मग व्हायवाला नेमका तोच प्रश्न येतो.

गप्प बसण्याचे दोन अर्थ

सेलिगमन आणि मायर यांचा 1967 चा प्रयोग तुम्ही वाचला असेल. आज तो नैतिक कारणांवरून सहज मंजूर होणार नाही. कुत्र्यांच्या एका गटाला विजेचा झटका डोक्याने फळी दाबून थांबवता येत होता. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके बसत होते, पण त्यांच्या हातात काहीच नव्हतं. नंतर दोघांनाही अशा पेटीत ठेवलं जिथे मधला अडसर ओलांडून सुटता येत होतं. दुसऱ्या गटातल्या बऱ्याच कुत्र्यांनी सुटायचा प्रयत्नच केला नाही. यालाच 'शिकलेली असहायता' म्हणतात.

खरी गंमत पुढे आहे. याच दोघांनी 2016 मध्ये, जवळजवळ पन्नास वर्षांनी, मेंदूवरच्या नव्या कामाच्या आधारे आपलाच सिद्धान्त उलटा मांडला. टाळता न येणाऱ्या त्रासासमोर निपचित होणं ही मूळ प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे. आपलंच गाजलेलं स्पष्टीकरण मागे घेणारा लेख कसा लिहितात, हे बघायला तरी तो वाचा.

मिठूच्या गप्प बसण्याचे म्हणून दोन अर्थ होऊ शकतात. एक, तो सरावला. दोन, त्याने प्रयत्न सोडला. माझ्या वहीत दोन्हींचा आकडा सारखाच दिसत होता: हालचाल शून्य. राळ्याचं कणीस नाकारलं नसतं तर मला काही कळलंही नसतं. (पक्षी पिसं फुगवून दिवसभर गप्प असेल तर तिसराही अर्थ असतो, आजारपण. तेव्हा वही मिटा आणि पशुवैद्याकडे जा.)

नवी व्याख्या, नवा आराखडा

मी फवारा बंद केला आणि एक नियम घातला: पक्ष्याला प्रत्येक वेळी निघून जाता आलं पाहिजे आणि तो गेला तर तीही नोंद. वहीत तीन रकाने केले: 'आपणहून आला', 'लांबून बघत राहिला', 'नाही म्हणाला'. नाही म्हणजे काय तेही लिहिलं: तुरा डोक्याला चपटा चिकटवणं, फुसकारणं किंवा दुसऱ्या टोकाच्या दांडीवर जाणं. यांपैकी एक जरी झालं तरी 'नाही'.

पद्धत नवी नाही. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये सुमारे तीन वर्षांच्या, सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाचा वृत्तान्त लिहिला. मुलगा आवडीचं खात असायचा आणि ससा पिंजऱ्यात, लांब. मुलाला चालेल तेवढाच ससा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. सशाच्या जागी पाण्याची ताटली ठेवा, झालं.

आमच्या पायऱ्या अशा होत्या:

0. पाच दिवस काही शिकवायचं नाही, नुसत्या नोंदी. रोज सकाळी दहाला, पिंजऱ्याचं दार उघडं, पंखा बंद, खिडक्या बंद.
1. कोरडी, उथळ ताटली लांब ठेवायची, शेजारी राळ्याचं कणीस. सलग तीन दिवस आपणहून आला तरच ताटली वीतभर जवळ.
2. ताटलीत धुतलेली ओली कोथिंबीर. रानातले पोपट ओल्या पानांत अंग घासतात, म्हणून ही पायरी.
3. ताटलीत अर्धं पेर पाणी.
4. फवारा, पण पक्ष्यावर नाही. बाजूला हवेत, त्याला हवं तर खाली येता येईल असा.

'नाही' आलं की एक पायरी मागे. पाणी साधं, साबण-शाम्पू काही नाही. आंघोळ सकाळीच, म्हणजे रात्रीपूर्वी अंग वाळतं. हेअर ड्रायर अजिबात नको. काहींच्या आतल्या भागांवर नॉनस्टिक लेप असतो आणि तो तापल्यावरची वाफ पक्ष्यांच्या जिवावर बेतते.

संशोधनाच्या भाषेत हा 'बदलता निकष' आराखडा झाला, हार्टमन आणि हॉल यांनी 1976 मध्ये मांडलेला. एकच पक्षी, तुलनेला दुसरा गट नाही, मग परिणाम आपल्या पद्धतीचा हे कसं म्हणायचं? निकष बदलला की वागणूक बदलते, तेवढीच बदलते, आणि पुढच्या निकषापर्यंत तिथेच थांबते, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर म्हणता येतं. म्हणून पायऱ्यांची घाई करायची नाही. घाई केली की पक्ष्याचंही नुकसान आणि आलेखाचंही.

मध्येच गावपळण

आम्ही दुसऱ्या पायरीवर असताना गावपळण आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आचऱ्यात दर काही वर्षांनी, ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन, अख्खा गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं सगळी बरोबर. घरात कोणी मागे राहत नाही. मिठूही पिंजऱ्यासकट झोपडीत आला. माणसांची मजा असते ती, पण कॉकाटील अंधारात अचानक दचकून पंख आपटतात आणि आमचा रात्री दोनदा आपटला.

परत आल्यावर ताटलीकडे तो बघेचना. 'नाही, नाही, नाही.'

कॅम्पबेल आणि स्टॅन्ली यांनी अंतर्गत वैधतेला असलेल्या धोक्यांची जी यादी दिली आहे, तिच्यात 'इतिहास' हा एक आहे: प्रयोग चालू असताना बाहेर घडलेली गोष्ट. यापेक्षा चांगलं उदाहरण मला पुस्तकात मिळालेलं नाही. मी तारखा लिहिल्या नसत्या तर 'कोथिंबिरीची पायरी फसली' असा निष्कर्ष काढून मोकळा झालो असतो. आम्ही आलेखावर उभी रेघ मारली, तिच्याशेजारी 'गावपळण' लिहिलं आणि शून्य पायरीपासून सुरुवात केली. या वेळी तो कोथिंबिरीपर्यंत लवकर आला. ही पुनरावृत्ती उपयोगी आहे, पण मी ती ठरवून केलेली नाही, म्हणून तिच्यावर फार भार टाकता येत नाही. तुमच्या क्षेत्रकार्यातही निवडणूक येईल, शाळेला सुट्टी लागेल, पूर येईल. तो भाग खोडू नका, रेघ मारा.

मी विद्यापीठात परतल्यावर चुलत बहिणीने काम चालू ठेवलं. ती रोज मोबाइलवर चित्रफीत काढायची. त्या मी तारखेविना, उलटसुलट क्रमाने एका मित्राला दाखवल्या आणि रकाने भरायला सांगितलं. आमचं बऱ्यापैकी जुळलं, पण तुऱ्यावरून भांडण झालं. अर्धवट उभा तुरा मला 'उत्सुक' वाटत होता, त्याला काहीच वाटत नव्हतं. तो बरोबर होता. 'उत्सुक' हा शब्द मी माझ्या आशेतून घातला होता. तो आम्ही काढून टाकला.

यातून काय म्हणता येतं?

एका पक्ष्यावरून 'कॉकाटील असे असतात' म्हणता येत नाही. आणि घरातल्या या नोंदी मी प्रबंधात वापरू शकत नाही. प्राण्यांवरचं संशोधन संस्थेत करायचं तर आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते, काम झाल्यावर घेऊन चालत नाही. हा लेख सराव म्हणूनच वाचा.

पण एक गोष्ट मी माझ्या खऱ्या प्रबंधात नेली, जो माणसांवर आहे. प्रश्नावलीत 'उत्तर द्यायचं नाही' हा पर्याय घातला आणि किती जणांनी, कोणत्या प्रश्नाला तो निवडला, हे मोजायला लागलो. त्याआधी माझ्याकडे सगळ्यांची सगळी उत्तरं होती आणि मी खूश होतो. चौथ्या दिवशीच्या मिठूसारखीच होती ती उत्तरं. गप्प बसून दिलेली.

तुम्ही सिनॉप्सिस लिहाल तेव्हा साधनांच्या प्रकरणापाशी स्वतःला विचारा: माझ्या अभ्यासातला सहभागी, मग तो पक्षी असो, विद्यार्थी असो की आशाताई, 'नाही' कसं म्हणेल? आणि म्हणाला तर ते माझ्या कोणत्या रकान्यात दिसेल? रकाना नसेल तर आधी तो आखा.

मिठूचं काय झालं? फवाऱ्याखाली तो आजतागायत आलेला नाही. चौथ्या पायरीसमोर वहीत सगळे 'नाही' आहेत आणि आम्ही ते तसेच ठेवलेत. पण कोथिंबिरीत रोज लोळतो. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडवीच्या कौलांवरून पिंजऱ्याच्या कडेला ठिबकायला लागला, तेव्हा तो आपणहून तिथे गेला, पंख पसरून उलटा लटकला आणि चिंब झाला. काकीने फोन करून सांगितलं, "पाण्याक नाय रे, तो तुका भियालो." ते वाक्यही वहीत आहे, शेरा या रकान्यात.