दीवच्या टेकडीवर अर्धा दिवस



यंदाचा गळीत हंगाम आटोपल्यावर आपल्या सभासदांचा अभ्यासदौरा सौराष्ट्रात जाऊन आला, हे आपणांस ठाऊक आहेच. तालाळा-कोडिनार भागातली गुऱ्हाळं आम्ही पाहिली. तिकडे त्यांना राबडा म्हणतात. शेवटची आधणं चालू होती, त्यामुळे काहिलीपासून ढेपेपर्यंत सगळं डोळ्यांदेखत बघायला मिळालं. त्याची सविस्तर माहिती शेतकी खात्यामार्फत पुढील अंकात येईल. आम्हाला लिहायला सांगितलं आहे ते दीवबद्दल.

खरं म्हणजे दीव हे आमच्या कार्यक्रमपत्रिकेत एका ओळीपुरतं होतं : 'स्थलदर्शन, अर्धा दिवस, गाईडसह.' सोमनाथचं दर्शन घेऊन कोडिनार, ऊनामार्गे निघालं की ८०-८५ किलोमीटरवर दीव येतं. घोघल्याचा पूल ओलांडला की आपण बेटावर. गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये नाही, त्यामुळे दीवला बरीच मंडळी कशासाठी जातात हे सभासदांना सांगायला नको. आमच्या गाडीतही दोन-चार जणांचे चेहरे पुलावरच खुलले होते. नावं लिहीत नाही. घरी अंक वाचला जातो.

गोव्याबरोबर दीवही १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीजांकडून मुक्त झालं आणि १९८७ पर्यंत गोवा, दमण व दीव असा एकच केंद्रशासित प्रदेश होता. किल्ला, देवळं, पांढरी चर्चं, नागवा बीच अशी यादी गाईडनं पुलापासूनच वाचायला घेतली. मनुष्य चांगला होता, पण घड्याळाचा गुलाम. "यहाँ पंद्रह मिनट, वहाँ दस मिनट" असं त्याचं चाललेलं. खुकरी स्मारकाला त्यानं दहा मिनिटं दिली होती.

तिथं आम्ही पाऊण तास थांबलो. किल्ला त्यामुळे बाहेरूनच बघावा लागला. त्याबद्दल काही सभासदांनी परतीच्या वाटेवर नाराजी व्यक्त केली, तीही इथे नोंदवतो. पैसे सगळ्यांनी सारखेच भरले होते, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण पाऊण तास का लागला ते सांगितलं पाहिजे.

चक्रतीर्थाच्या बाजूला समुद्राकाठी एक टेकडी आहे. तिच्यावर काचेच्या घरात एका युद्धनौकेची प्रतिकृती समुद्राकडे तोंड करून ठेवलेली आहे. तीच आय.एन.एस. खुकरी. स्मारकाचं उद्घाटन १५ डिसेंबर १९९९ रोजी झालं. वर चढून गेलं की वारा असा लागतो की टोपी धरून ठेवावी लागते. समोर नुसतं पाणी. गाईड हात लांब करून म्हणाला, "इधर, चालीस मील." म्हणजे सुमारे ४० सागरी मैल, आपल्या हिशेबानं ७४-७५ किलोमीटर. त्या ठिकाणी ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, एकूण १९४ माणसं तिच्याबरोबर गेली. स्वातंत्र्यानंतर युद्धात आपली बुडालेली युद्धनौका ही एकच.

त्या युद्धात आपल्या आरमारानं कराचीवर केलेले हल्ले सगळ्यांना माहीत आहेत. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीसमोर जाऊन मारा केला. म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन. ८ डिसेंबरच्या रात्री पुन्हा हल्ला झाला, तेलाच्या टाक्या पेटल्या. ही विजयाची बाजू शाळेतही शिकवतात. खुकरीची हकीकत त्यामानानं कमी लोकांना ठाऊक आहे.

सौराष्ट्राच्या किनाऱ्याबाहेर पाकिस्तानची पाणबुडी फिरते आहे असा सुगावा लागल्यावर तिला शोधायला मुंबईहून खुकरी आणि किरपाण या दोन फ्रिगेट निघाल्या. खुकरी १९५८ सालची, ब्रिटनमध्ये बांधलेली, ३०० फुटांहून थोडी लांब. समोरची पाणबुडी होती हंगोर, फ्रेंच बनावटीची आणि पुष्कळ नवी. इथेच खरी गोम आहे.

पाणबुडी शोधतात ती आवाजावर. आपण विहिरीच्या काठावर उभं राहून हाळी दिली की ती भिंतीवर आपटून परत येते, तसा पाण्यात आवाज सोडायचा आणि तो कशाला आपटून येतो का ते ऐकायचं. या यंत्राला सोनार म्हणतात. पण समुद्राचं पाणी वर ऊन आणि खाली गार असतं, त्या थरांत आवाज वाकडा होतो आणि खाली दडलेली पाणबुडी ऐकूच येत नाही. शिवाय जहाज स्वतः जोरात चाललं की त्याच्याच इंजिनाच्या आणि पंख्याच्या आवाजात बाकी सगळं बुडतं. ट्रॅक्टर चालू ठेवून बांधापलीकडची हाक ऐकायचा प्रयत्न करावा तसं. उलट पाणबुडी बॅटरीवर गुपचूप पडून राहते आणि वरच्या जहाजाचा आवाज लांबून टिपते. हंगोरच्या यंत्राचा पल्ला आपल्या नौकांच्या सोनारपेक्षा जास्त होता. तो वाढवण्यासाठी खुकरीवरच्या सोनारमध्ये एका तरुण अधिकाऱ्यानं सुधारणा केली होती आणि ती नीट चालावी म्हणून नौका मंद वेगानं चालवली जात होती, असं सांगितलं जातं. पाणबुडी असलेल्या पाण्यात मंद चालणं धोक्याचं. पण जोरात गेलं तर ऐकू येत नाही. तो अधिकारीही त्या रात्री गेला.

रात्री नऊच्या सुमारास हंगोरनं आधी किरपाणवर टॉर्पेडो सोडला, तो फुकट गेला. दुसरा खुकरीला लागला. काही मिनिटांत नौका पाण्याखाली. तेवढ्यात जे बाहेर पडू शकले ते पडले. दुसऱ्या दिवशी आय.एन.एस. कच्छल या नौकेनं ६७ जणांना पाण्यातून काढलं : ६ अधिकारी, ६१ नौसैनिक. हंगोरचा शोध पुढे चार दिवस चालला, पण ती निसटून कराचीला पोचली. आज ती तिथल्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

खुकरीचे कप्तान होते महेंद्रनाथ मुल्ला. त्यांनी नौका सोडण्याचा हुकूम दिला, जवळच्या माणसांना पाण्यात उड्या घ्यायला लावल्या, स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि स्वतः मात्र नौका सोडली नाही. वाचलेल्यांनी त्यांना शेवटपर्यंत नौकेवरच पाहिलं. सरकारनं मरणोत्तर महावीर चक्र दिलं.

गाईडनं हे सांगितल्यावर मागून एका महिला सभासदांनी विचारलं, "त्यांच्या घरी कोण हुतं?" गाईडला ते ठाऊक नव्हतं. पत्नी आणि दोन मुली होत्या.

एवढं होईपर्यंत दहा मिनिटं संपली आणि गाईड गाडीकडे हात करू लागला. मंडळी उतरायला लागली. फक्त आमचे एक ज्येष्ठ सभासद, पंच्याहत्तरी ओलांडलेले, सगळे त्यांना तात्या म्हणतात, ते काचेसमोर उभेच. हाक मारली तर म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. मला अजून बघायचंय."

दोन दिवस आमच्याशेजारी बसून आलेला हा माणूस. ऊसदर, पाणीपाळी, नातवाचं लग्न, सगळं बोलून झालेलं. पण तिथं उभं राहून त्यांनी जे सांगितलं ते आम्ही प्रथमच ऐकलं. जमेल तसं त्यांच्याच शब्दांत देतो.

"आमचं थोरलं बंधू नेव्हीत हुतं, इंजानात. त्या साली दिवाळीनंतर त्यांचं कार्ड आलं. बदली झाली, नवीन जहाजाचा पत्त्या मागनं कळवतो म्हनून. मागनं काय आलंच न्हाई. लढाई लागली. आन मग रेडिओवर आलं, खुकरी बुडाली. गावात एकच रेडिओ, मास्तरांच्या घरी. आईनं मास्तरांना इचारलं, माझा त्याच्यावर हाय का वो? मास्तर काय सांगनार? पत्त्याच न्हाई तर."

त्यावेळी गळीत चालू होतं. बैलगाड्यांचा जमाना. यांचा तोडा लागलेला, ऊस तोडून पडलेला. वडील म्हणाले, वाळला तर वजन जाईल, गाडी भर. तात्या तेव्हा वीस-बावीस वर्षांचे. रात्री गाडी घेऊन कारखान्यावर यायचे आणि वजनकाट्याच्या रांगेत बैल सोडून बसायचे. "रांगेत समद्यांस्नी ठाव हुतं. कुनी इचारायचं न्हाई. भाकरी फुडं करायचं नुसती." घरी आई दारातून हलायची नाही, पोस्टमन लांब दिसला की आत जायची. "बाहीर यायला पायजे का न्हाई? तर आत जायची. कार्ड आलं तरी भ्या, न्हाई आलं तरी भ्या."

असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी कार्ड आलं. बंधू दुसऱ्याच जहाजावर होते, सुखरूप होते. वडिलांनी ते कार्ड न वाचताच, नुसतं अक्षर ओळखून, बैलांच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच खाली बसले.

आम्हाला वाटलं, गोष्ट इथं संपली. पण तात्या काचेतल्या नौकेकडेच बघत होते.

"जानेवारीत रजेवर आलं. आईनं आतल्या खोलीत हातरून टाकलं, तर झोपंनात. कडाक्याची थंडी, आन अंगनात झोपायचं. दार लावलं की उठून उघडायचं. म्हातारपनी बी तसंच. वारलं त्याला आता सहा वरसं झाली. शेवटपतोर दार कधी लावून घेतलं न्हाई. खुकरीवर त्यांच्या वळखीची पोरं हुती एवडंच एकदा बोललं. किती, कुठली, कायच न्हाई. मी इचारलं बी न्हाई. इचारायला पायजे हुतं का?"

याला आम्ही काय उत्तर द्यावं? आम्ही गप्प बसलो.

एव्हाना पुढे गेलेली मंडळी काय झालं म्हणून परत वर आली होती आणि गाईडही. त्यानं हे सगळं अर्धं-मुर्धं ऐकलं असावं, कारण नंतर त्यानं घड्याळ बघितलं नाही. तात्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली गुळाची अर्धी ढेप काढली. आदल्या दिवशी राबड्यावर घेतलेली. आम्ही समजत होतो घरी न्यायला घेतली असेल. म्हणाले, "आमच्या आईनं तवा बोललेली हुती. पोरगा आला तर समुद्राला गूळ वाहीन म्हनून. तिला समुद्र काय कधी घावला न्हाई." खाली खडकांवर जायची वाट अवघड, त्यांचे गुडघे दुखरे. मग गाईडच ढेप घेऊन खाली उतरला. जाताना त्यानं पायांतल्या चपला टेकडीवर काढून ठेवल्या होत्या.

परतीच्या वाटेवर गाडीत चर्चा जुंपली ती कप्तान मुल्लांवर. एकाचं म्हणणं, नौका बुडणारच होती, मग अनुभवी माणूस वाचायला हवा होता, देशाला पुढं उपयोगी पडला असता. दुसऱ्यानं सांगितलं, खाली इंजिनात अडकलेली पोरं आहेत हे माहीत असताना वरच्यानं उडी घेतली असती तर जन्मभर झोप आली नसती. आमचे एक ऊसतोड मुकादम राहिलेले सभासद एवढंच म्हणाले, "टोळी फडात आसताना मुकादम घरला जात न्हाई." त्यावर कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना पटलं असंही नाही. ज्यांचा किल्ला राहिला होता ते खिडकीबाहेर बघत होते.

जाता जाता थोडी माहिती. खुकरीचं नाव नौदलानं पुढे एका नव्या नौकेला दिलं. ही दुसरी खुकरी मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली गेली, १९८९ च्या ऑगस्टमध्ये नौदलात आली आणि ३२ वर्षांच्या सेवेनंतर डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी ती संग्रहालयासाठी दीव प्रशासनाच्या स्वाधीन करण्यात आली. आमच्या वेळात ती बसली नाही. पुढच्या दौऱ्याच्या आयोजकांनी दीवला अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण दिवस ठेवावा, म्हणजे किल्लाही होईल आणि कुणाला घाईही करावी लागणार नाही. पहिल्या खुकरीवर गेलेल्यांचं स्मारक मुंबईत कुलाब्याच्या नेव्हीनगरमध्येही आहे. त्याच्या पायथ्याशी सगळ्यांची नावं कोरलेली आहेत. तात्यांना हे गाडीत सांगितलं तेव्हा त्यांनी कागदावर लिहून मागितलं. ते लिहून दिलं आहे.