कॅसेटवरचे रेडिओ केंद्र

तेलंगणातल्या झहीराबादजवळचे माचनूर हे छोटे गाव. ‘संघम रेडिओ’ इथलाच. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी महिलांनी चालवलेल्या या केंद्राचा स्टुडिओ नव्वदच्या दशकाच्या अखेरीस युनेस्कोच्या मदतीने उभा राहिला. परवाना मात्र नव्हता. तरी बायकांनी ध्वनिमुद्रण थांबवले नाही. कॅसेट भरायच्या, गावोगावच्या ‘संघमां’च्या, म्हणजे महिला गटांच्या, बैठकीत नेऊन टेपवर लावायच्या. विषय घरचेच: ज्वारी-बाजरीचे बियाणे कसे राखायचे, घरगुती औषधे, सणांची गाणी, तीही तिथल्या बोलीतल्या तेलुगूत. हा खटाटोप सुमारे दहा वर्षे चालला.

कायद्याची वाट एका मराठी न्यायमूर्तींच्या निकालातून गेली. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ठरवले. त्या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. तरी सरकारने 2002 मध्ये दार किलकिले केले ते फक्त शिक्षणसंस्थांसाठी. स्वयंसेवी संस्थांना 2006 पर्यंत ताटकळावे लागले. सरकारला भीती नेमकी कसली होती, कोण जाणे!

अखेर 15 ऑक्टोबर 2008 रोजी 90.4 मेगाहर्ट्झवर संघम रेडिओ प्रत्यक्ष हवेत आला. स्वयंसेवी संस्थेने चालवलेल्या देशातल्या पहिल्या सामुदायिक केंद्रांत त्याची गणना होते. म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ही 2006 च्या याच धोरणाचे फळ.

अशा केंद्रांना आकाशवाणीच्या बातम्या ऐकवता येतात. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही.