मोटारींतील हवा आणि तिची गाळणी

दिवाळीच्या सुटींत पुण्याहून मुंबईस मोटारीनें निघालेलें कुटुंब खंडाळ्याच्या घाटांतील बोगद्यापाशीं पोंचलें म्हणजे गाडींतील वडीलधारें माणूस हटकून एक सूचना करितें : “कांचा वर घ्या रे, धूर येतो आहे.” कांचा वर जातात, थंड हवेचें यंत्र चालूं होतें आणि आंतील मंडळी निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा अर्धाच खरा आहे. कांचा बंद केल्यानें हवा बंद होत नाहीं. समोरच्या मोठ्या कांचेच्या पायथ्याशीं, बॉनेटच्या मागील कडेस, जाळीदार फटी असतात; त्यांतून ब्लोअरचा पंखा बाहेरचीच हवा आंत ओढीत असतो. तिच्यांतील धूळ व काजळी अडते ती घड्या घातलेल्या एका लहानशा गाळणीमुळें. या गाळणीस केबिन फिल्टर म्हणतात, आणि ती आपल्या गाडींत आहे याची पुष्कळ मालकांस वार्ताहि नसते.

इंजिनास हवा पुरविणारा फिल्टर निराळा. तो तुंबला तर गाडीच कुरकुर करिते, म्हणून त्याची निगा राहते. केबिन फिल्टर मात्र माणसांच्या छातीसाठीं आहे, आणि तो तुंबला तरी गाडी पूर्ववत् धांवते. मागील बाकावर दम्याचें मूल बसलेलें असेल तर त्याची उणीव प्रथम त्यालाच जाणवावयाची.

हा फिल्टर काम कसें करितो हें पाहण्याजोगें आहे. पिठाच्या चाळणीचें उदाहरण येथें उपयोगी नाहीं. फिल्टरच्या तंतूंमधील मोकळी जागा ज्या कणांना अडवावयाचें त्यांहून किती तरी पट मोठी असते. तशी नसती तर हवाच पलीकडे गेली नसती. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस सुमारें 70 मायक्रॉन जाड, तर धुरांतील ज्या सूक्ष्म कणांची डॉक्टर मंडळी धास्ती घेतात ते अडीच मायक्रॉनहूनहि लहान. ते या विरळ रानांत अडकतात कसे? जड कण हवेबरोबर वळूं शकत नाहीं. घाटाच्या वळणावर भरधाव ट्रक कठड्यास भिडावा तसा तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो. मधल्या आकाराचा कण वळतो खरा, पण तंतूस अंग घांसून जातो व तेथेंच चिकटतो. अतिसूक्ष्म कणाला हवेचे रेणू चहूंकडून धक्के देतात, त्यामुळें तो भरकटतो आणि भरकटतां भरकटतां कोठें तरी तंतूला लागतो. गंमत अशी कीं, सर्वांत लहान कण सर्वांत चुकार नव्हे, सुमारें 0.3 मायक्रॉनचा, धड जडहि नाहीं आणि धड हलकाहि नाहीं असा कणच अधिक निसटतो.

यांस चौथी मदत विजेची. पुष्कळ फिल्टरांतील कृत्रिम तंतूंवर कारखान्यांतच स्थिर विद्युद्भार दिलेला असतो. कोरड्या केसांतून फणी फिरवून ती कागदाच्या कपट्यांजवळ नेली कीं कपटे उडी मारून चिकटतात, हा खेळ शाळेंतील मुलांस ठाऊक असतो; फिल्टरमध्यें तोच अखंड चाललेला असतो. आणि येथेंच घरगुती काटकसर अंगाशीं येते. फिल्टर साबणाच्या पाण्यांत धुऊन उन्हांत वाळविला तर दिसावयास लख्ख दिसेल. पण विद्युद्भार ओसरलेला व घड्या विस्कटलेल्या, असा तो नांवाचाच फिल्टर उरतो. धुण्याजोगा आहे असें ज्यावर स्पष्ट छापलें असेल तोच धुवावा. इतरांच्या बाबतींत कांहींशे रुपयांचा नवा फिल्टर घेणें हीच खरी काटकसर होय.

कोळशाचा थर असलेला करड्या रंगाचा फिल्टरहि मिळतो. सक्रिय कोळसा दुर्गंध व वाहनांच्या धुरांतील कांहीं विषारी वायु धरून ठेवितो. शहरांत राहणाऱ्यांनीं त्यासाठीं थोडे अधिक पैसे मोजावे. मात्र कार्बन मोनॉक्साइड त्याला दाद देत नाहीं. बंद गॅरेजमध्यें इंजिन चालूं ठेवून गाडींत डुलकी घेणें कोणत्याहि फिल्टरनें निर्धोक होत नाहीं. बोगद्यांत आंतलीच हवा फिरविण्याचें बटण दाबणें योग्य. परंतु तें पुढें तसेंच दाबून ठेवूं नये. श्वासांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड फिल्टर अडवीत नाहीं, आणि चौघे जण बसलेल्या गाडींत तो अर्ध्या तासांत बाहेरच्या हवेंतील प्रमाणाच्या अनेक पटींवर जातो. डोकें जड होऊं लागतें, आणि झांपड चालविणारासच आली तर मग बोलावयास नको.

उत्पादक बहुधा 15,000 ते 20,000 किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत देतात. बांधकामांच्या धुळींत वावरणाऱ्या गाडीस ती फार होते. महाराष्ट्रांत पाऊस सरल्यावर, आश्विनाच्या सुमारास, फिल्टर बदलणें सोयीचें. पावसाळ्यांत ओलसर राहून त्याला कुबट वास लागलेला असतो आणि पुढें कोरड्या धुळीचे महिने यावयाचे असतात.

कामास दहा-पंधरा मिनिटें पुरतात. पुष्कळ गाड्यांत चालकाच्या शेजारील आसनापुढें जो खण असतो, त्याच्या मागें हा फिल्टर बसविलेला असतो. तथापि गाडीचें माहितीपुस्तक आधीं उघडून जागा पाहावी, कारण कांहीं गाड्यांत तो अन्यत्र असतो व कांहीं स्वस्त गाड्यांत मुळींच दिलेला नसतो. इंजिन व पंखा बंद करावा. खण रिकामा करावा. त्याच्या कडेस बारीक दोरी किंवा दांडी असल्यास ती सोडवावी, आणि खणाच्या दोन्ही बाजू आंत दाबून तो खालीं झुकवावा. मागें एक अरुंद झांकण दिसेल; त्याच्या खिट्या दाबल्या कीं तें निघतें. येथें जोर करूं नये, थंडीच्या दिवसांत प्लॅस्टिक पटकन् तुटतें.

जुना फिल्टर आडवा, न हिंदकळवितां ओढावा. कचरा सांडला तर तो खालच्या पंख्यांत पडून खडखडतो. त्यावर गुलमोहराची बारीक पानें, मेलेले किडे आणि काळपट साय यांचें दर्शन घडेल. कधीं कापसाचे पुंजके व लेंड्याहि निघतात : दारांत उभ्या राहणाऱ्या गाड्यांतून उंदीर या फटींनीं शिरून घरटें करितात. तसें आढळल्यास कोरडें झाडूं नये. तोंडावर मास्क व हातांत मोजे घालून, जंतुनाशक पाण्यानें भिजवून मगच पुसून काढावें.

नवा फिल्टर बसवितांना सर्वांत अधिक चुका दिशेच्या होतात. कडेवरील बाणापाशीं इंग्रजींत ‘एअर फ्लो’ छापलेलें असल्यास तो बाण हवा जाते त्या दिशेस, म्हणजे पंखा खालीं असेल तर खालीं, असावा. ‘अप’ छापलेलें असल्यास वर असावा. या दोहोंचा घोटाळा करून उलटा बसविलेला फिल्टर नेटकें काम करीत नाहीं. जुना कसा होता त्यावर विसंबूं नये, मागच्या खेपेस तोच उलटा बसविलेला असूं शकतो. कडा चौकटींत चोहोंकडून टेकल्या पाहिजेत, कारण बोटभर फट राहिली तर हवा सोपी वाट सोडून घड्यांतून कशाला जाईल? झांकण लागत नसेल तर फिल्टर तिरका बसला आहे असें समजावें. तो कापून किंवा दुमडून कोंबूं नये.

मग पंखा सर्व वेगांवर चालवून ऐकावें. शीळ येत असेल तर झांकण नीट बसलेलें नाहीं. खडखड येत असेल तर पान पंख्यांत पडलें आहे. जुना फिल्टर पिशवींत बांधून कचऱ्यांत द्यावा, आणि झांकण लावण्यापूर्वीं नव्या फिल्टरच्या कडेवर पेन्सिलीनें तारीख व गाडीचे त्या दिवसापर्यंतचे किलोमीटर लिहून ठेवावे.