विमानाचा आवाज: मावळातल्या घरांनी काय समजून घ्यावं?

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमानं उडू लागली. लोणावळा तिथून सरळ रेषेत साधारण 45 किलोमीटर. मग आपल्यालाही कुर्ला-जरीमरीसारखा त्रास होणार का? आम्ही हिशेब मांडून पाहिला.

विमान साधारण 3 अंशांच्या उतारानं खाली येतं. म्हणजे धावपट्टीपासून 5 किलोमीटरवर ते जेमतेम 260 मीटर उंच असतं. कुर्ल्यात म्हणूनच बोलणं मध्येच थांबवावं लागतं. मावळावर विमान यापेक्षा बरंच उंच असणार.

पण लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंच आहे. पनवेलवर 3000 मीटरवरून जाणारं विमान तेवढ्याच पातळीवर इथे आलं, तर आपल्या छपरापासून 2400 मीटरवरच असतं. तरी आवाजातला फरक फक्त 2 डेसिबलचा. खरा फरक शांततेचा. शहरात रहदारीत बुडणारा आवाज मावळात रात्री झोप मोडतो. लहान मुलं आणि आजारी माणसं यांना तो जास्त जाणवतो.

कायदा काय सांगतो? 2000 च्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. गजबजलेल्या विमानतळाच्या ध्वनी क्षेत्रात 2018 पासून ती 70 आणि 65 आहे. ही सूट विमानतळालगतच्या भागापुरतीच आहे.

त्रास होत असेल तर तारीख, वेळ लिहून ठेवा. एकट्यानं ओरडण्यापेक्षा सगळ्या वस्तीची नोंद ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत मांडा. कागदावर असलेली तक्रार टाळणं अवघड जातं.