कुत्र्याचे केस कातरावे कीं विंचरावे?

परंड्याच्या किल्ल्याचे दगड चैत्र लागला कीं तापूं लागतात आणि वैशाखांत पारा चाळिशीपलीकडे जातो. अशा दिवसांत दाट केसांचा कुत्रा पडवींत धापा टाकीत बसलेला पाहिला म्हणजे थोरामोठ्यांना त्याची कींव येते, आणि “मेंढरें कातरतात तसा ह्यालाहि कातरून टाका” असा सल्ला हमखास मिळतो. आम्हांलाहि तो मिळाला, आणि आम्हीं तो मानला. पंधरवड्यांत आमच्या पांढऱ्या मोत्याची पाठ उन्हानें लाल होऊन सोलली, आणि दिवाळी आली तरी केस आले ते ठिगळाठिगळांनीं.

चूक उपमेंतच होती. मेंढीची लोकर वाढतच राहते. ती कातरावीच लागते. पण घरोघरीं ज्याला पामेरियन म्हणतात (तो बहुधा भारतीय स्पिट्झ असतो, त्याचे पूर्वज जर्मनींतले) त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे राठ, लांब केस ऊन व पाणी अडवितात. खालची मऊ लव ऋतु पालटला कीं आपण होऊन गळते. गळालेली लव वरच्या केसांत अडकून तिचा जणूं बुरणूस बनतो, त्यांतून वारा खेळत नाहीं, आणि जनावराला अधिकच उकडतें. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं, पंजांच्या गाद्यांना काय सुटेल तेवढाच. तो निवतो मुख्यतः धापांनीं. तेव्हां काढावयाची ती खालची लव, आणि तीहि फणीनें.

रुंद दातांची धातूची फणी घ्यावी. नुसती वरून फिरविली तर पाठ चकचकीत दिसते आणि आंत गुंता तसाच राहतो. आम्ही कित्येक महिने हेंच करीत होतों. एका हातानें केस वर उचलून धरावे व कातडीपासून एक एक पदर विंचरीत जावें. कानांमागें, बगलेंत व मांड्यांच्या मागच्या बाजूस गांठी हटकून सांपडतात. त्या ओढूं नयेत. बोटांनीं मोकळ्या कराव्या. एखादी कापावीच लागली तर गांठ आणि कातडी यांच्यामध्यें फणी धरून मगच कातर चालवावी.

स्नान विंचरल्यानंतर, आधीं नव्हे. भिजलेली गांठ अधिकच घट्ट बसते. आपला साबण कुत्र्याच्या कातडीला मानवत नाहीं, त्याच्यासाठीं निराळा शांपू मिळतो. केस मात्र मुळापर्यंत वाळवावे, नाहींतर पावसाळ्यांत आंतली कातडी चिघळते.

विंचरतांना गोचिडी दिसतात, हा मोठाच लाभ. त्यांच्यापासून कुत्र्याला जिवावर बेतणारा ताप येतो. त्यांवर रॉकेल ओतूं नये. चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढाव्या.

आमच्या आजींची तक्रार मोत्याबद्दल नव्हतीच, त्याचे केस सोवळ्याला चिकटतात ही होती, आणि ती रास्त होती. तेव्हांपासून हा सोहळा पूजा आटोपल्यावर, परसांत, नारळीखालीं होतो. निघालेली लव चिमण्या घरट्यासाठीं उचलून नेतात तें पाहण्यासारखें असतें. मात्र पिसवा-गोचिडींवरचें औषध अंगाला लावलेलें असेल तर ती पक्ष्यांच्या पिलांना बाधूं शकते, म्हणून त्या दिवसांत आम्ही ती गोळा करून कागदांत बांधतों व कचऱ्यांत टाकतों.