हौसेला तारण काय?

परवा संध्याकाळी घरापासून भिकारदास मारुतीपर्यंत गाडी न्यायला मला अकरा मिनिटं लागली. चालत चार लागतात. वाटेत एक टेम्पो उलटा येत होता, स्पर्धा परीक्षेची तीन मुलं एकाच स्कूटरवर बसून चौथ्याशी बोलत उभी होती, आणि आज सम तारीख की विषम, हे ठरवण्यासाठी एक गृहस्थ गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवून पार्किंगचा फलक वाचत होते. अशा सदाशिव पेठेत जन्मून, तिथेच निवृत्त होऊन, मला लहानपणापासून मोटारींचं वेड आहे असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. वाड्याच्या गॅलरीत डोळे मिटून बसावं आणि खालून गेलेली गाडी फियाट, अँबॅसडर की स्टँडर्ड हेरल्ड, हे नुसत्या आवाजावरून सांगावं, हा आमचा सुट्टीतला खेळ होता. दहापैकी नऊ वेळा मी बरोबर असे. पुढे बँकेत लागलो, यथावकाश जुनी मारुती घेतली, आणि चाळीस वर्षांत दंडाची एकही पावती फाडू दिली नाही. आपल्याला गाडीतलं कळतं, अशी माझी समजूत होती.

ती गेल्या वर्षी, जमिनीपासून दोन बोटं उंचीवर बसून, उतरली.

त्याचं असं झालं. नातीचा बारावा वाढदिवस होता. तिला हॉटेल नको होतं, सिनेमा नको होता. तिला गो-कार्ट चालवायची होती. शहराबाहेर बायपासच्या बाजूला असे भाड्याने गाड्या देणारे ट्रॅक आता झाले आहेत. "आबा, तूपण चल ना, तुला तर गाड्या आवडतात," असं ती म्हणाली आणि मी गेलो. मुलगा येणार नव्हता, सूनबाई मोबाइलवर चित्रण करणार होत्या. माझ्या डोक्यात पातळ कापडाची टोपी, तिच्यावर हेल्मेट, असा जामानिमा झाला. ट्रॅकवरच्या मुलाने सांगितलं, "काका, उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटर, डावा पाय ब्रेक. दोन्ही एकदम दाबायचे नाहीत." चाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला हे सांगतोय, असं मनात आलं. तिसऱ्या वळणावर मी दोन्ही एकदम दाबले. गाडी गिरकी घेऊन ज्या दिशेने आली होती तिकडे तोंड करून उभी राहिली आणि समोरून नात येताना दिसली. तिने मला सफाईने वळसा घातला. दहा मिनिटांत असे तीन वळसे घातले.

शेवटी वेळेचा छापील कागद हातात देतात. माझी सर्वांत चांगली फेरी अठ्ठावन्न सेकंदांची, तिची एकोणपन्नास. वजनाचा फरक म्हणून दोन सेकंद वजा करा. उरलेली सात कुठे गेली, या प्रश्नाने मला रात्री झोप लागली नाही. हिशेब जुळल्याशिवाय घरी न जाण्याची सवय; जुनं दुखणं आहे.

मग मी अभ्यासाला बसलो. ही गाडी जन्माला आली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, १९५६ साली. आर्ट इंगल्स नावाचा कारागीर शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यात कामाला होता. त्याने घरच्या घरी लोखंडी नळ्या जोडून एक सांगाडा केला आणि त्याला गवत कापण्याच्या यंत्राचं इंजिन बसवलं. गंमत म्हणून केलेली वस्तू. पण आठ वर्षांत, १९६४ मध्ये, तिची जागतिक स्पर्धा भरू लागली. पुढे फॉर्म्युला वन गाजवणारे बहुतेक सगळे या पाळण्यातून उठले. ब्राझीलचा आयर्टन सेना कार्टिंगच्या जागतिक स्पर्धेत १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षं दुसरा आला. फॉर्म्युला वनची तीन विजेतेपदं मिळवणाऱ्या या माणसाला कार्टिंगचं तेवढं एक कधीच मिळालं नाही.

या सांगाड्यात काय असतं, यापेक्षा काय नसतं ते महत्त्वाचं. स्प्रिंगा नसतात, धक्के शोषणारं काही नसतं, गिअर बहुधा नसतात, आणि डिफरन्शियल नसतो. आपल्या मोटारीला वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. ही तडजोड डिफरन्शियल करतो. कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच आखूड कण्यावर घट्ट बसवलेली असतात. दोघांनी सारखंच फिरलं पाहिजे. मग गाडी वळणार कशी? तर आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. पुढच्या चाकांची ठेवण अशी असते की स्टिअरिंग वळवलं की आतलं पुढचं चाक किंचित खाली दाबलं जातं, सांगाडा पिळवटतो आणि आतलं मागचं चाक हलकं होऊन उठतं. थोडक्यात, सांगाडा हीच स्प्रिंग. आणि हे सारं चालवणाऱ्याला पाठीच्या कण्यातून, बरगड्यांतून, मनगटातून कळतं. भाड्याची कार्ट ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास जात असेल, पण जमिनीलगत बसल्यामुळे ते शंभर वाटतात. शर्यतीची खरी कार्ट शंभराच्या पुढे सहज जाते.

माझी सात सेकंदं या वळणांत सांडली होती. मी पेठेतला माणूस, काटकोनात वळणारा. वळण आलं की त्याच्या आतल्या कोपऱ्याला चिकटून आत शिरायचो, मग मध्येच घाबरून ब्रेक दाबायचो, आणि बाहेर पडताना गाडीत जीव उरलेला नसायचा. खरी रीत उलटी. ब्रेक लावायचा तो सरळ रस्त्यावरच. वळणाच्या बाहेरच्या कडेने यायचं, थोडा धीर धरून उशिरा आत वळायचं, आतल्या कडेला निसटता स्पर्श करायचा आणि गाडीला पुन्हा बाहेरच्या कडेपर्यंत मोकळं पसरू द्यायचं. आत शिरताना हळू, बाहेर पडताना जोरात. नातीला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिने दोन फेऱ्यांत ते अंगानेच ओळखलं. मला पुस्तकं वाचून कळलं, आणि दुसऱ्या खेपेला चार सेकंदं परत मिळाली. उरलेली तीन वयाच्या खात्यावर टाकली.

गोष्ट इथे संपली असती. पण महिन्याभराने नात म्हणाली, "आबा, मला खरं शिकायचंय. शर्यतीचं." आणि मला कोल्हापूर आठवलं.

१९९१ साली मी तिथल्या एका शाखेत होतो. उद्यमनगरातला एक विशीतला मुलगा अर्ज घेऊन आला. वडिलांचं लेथचं छोटं दुकान होतं. एका परदेशी मासिकात त्याने कार्टचं चित्र पाहिलं होतं आणि वहीच्या दुहेरी पानावर पेन्सिलीने तिचा आराखडा काढला होता. नळीचा व्यास, कण्याची लांबी, सगळं मापासकट. "साहेब, इंजिन आणि चाकं तेवढी इकत घ्यावी लागत्यात. बाकी सगळं हातचं हाय," तो म्हणाला. एक बांधून दाखवायची, मग पोरांना शिकवायचं, असा त्याचा बेत होता. रक्कमही मोठी नव्हती. मी विचारलं, यातून उत्पन्न काय? तारण काय? लेथ वडिलांच्या नावावर होतं आणि वडिलांना हे ठाऊक नव्हतं. मी कागदावर शेरा मारला: उत्पन्नाचा स्रोत नाही, प्रस्ताव हौसेच्या स्वरूपाचा. आराखडा त्याला परत दिला. त्याने तो चौघडी करून खिशात ठेवला, "बरं साहेब" म्हणाला आणि गेला. नियमाप्रमाणे माझं काही चुकलं नाही. आजही तोच अर्ज आला तर कुठलाही अधिकारी तोच शेरा मारील.

पण पुढे काय झालं पाहा. पंप, ऑइल इंजिनं आणि ओतकाम यांवर जगणाऱ्या त्याच कोल्हापुरात पुढे मोहिते रेसिंग अकादमी उभी राहिली, कार्टिंगचा ट्रॅक झाला आणि राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या. कोल्हापूरच्या कृष्णराज महाडिकने २०१७ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेतली शर्यत जिंकली. कोल्हापूरच्याच ध्रुव मोहितेने २०१८ मध्ये फोक्सवॅगनचा अमिओ कप जिंकला; ती अमिओ आपल्या चाकणच्या कारखान्यात तयार होत असे. आणि मुंबईचा जेहान दारुवाला पाहा. २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभरातून निवडलेल्या तीन कार्टिंगपटूंपैकी तो एक. २०२० मध्ये बहारीनमधल्या साखीरला तो फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. माझ्या शेऱ्यातली हौस महाराष्ट्रात अशी फळाला आली. मात्र ज्यांच्या पाठीशी घर उभं राहू शकलं त्यांची.

कारण हा खेळ पैशाचा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. भाड्याची दहा मिनिटं म्हणजे दोघांच्या सिनेमाचा खर्च. ते कोणालाही झेपेल. पण शर्यतीच्या कार्टला टायर लागतात आणि ते भराभर झिजतात. इंजिन ठरावीक तासांनी उघडावं लागतं. मेकॅनिक, प्रवास, प्रवेशशुल्क, सरावाचे दिवस धरून एका हंगामाचा आकडा लाखांत जातो आणि परतावा शून्य. मायकल शूमाकरचे वडील जर्मनीतल्या केर्पेनच्या ट्रॅकवर काम करत, आई तिथलं कँटीन चालवी. पैसेवाल्या पोरांनी टाकून दिलेल्या टायरांवर तो धावला. लुइस हॅमिल्टनच्या वडिलांनी मुलाच्या कार्टसाठी एका वेळी दोन-तीन नोकऱ्या केल्या. आपल्याकडे कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८००चं इंजिन वापरून स्वस्तातली शर्यतीची मोटार बांधली, ती या खेळाची किंमत खाली यावी म्हणूनच. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे त्यांच्या नावाचा आहे.

म्हणून ज्यांना मोटारींचं वेड आहे आणि कुठून सुरुवात करावी हे कळत नाही, त्यांना मी माझ्या जुन्या पेशाला शोभेल असा सल्ला देतो. पहिल्याच दिवशी काही विकत घेऊ नका. एकाच ट्रॅकवर, जमल्यास एकाच क्रमांकाच्या कार्टवर, दहा-बारा वेळा जा आणि वेळेचे कागद पासबुकासारखे जपून ठेवा. आकडा कमी व्हायचा थांबला की मग शिकवणारा शोधा. एखाद्या अकादमीत दिवसाच्या भाड्याने शर्यतीची कार्ट मिळते. ती चालवून बरगड्या दुखल्या आणि तरी पुन्हा जावंसं वाटलं, तर वैद्यकीय दाखला घेऊन राष्ट्रीय महासंघाच्या परवान्याचा विचार करा. झेंडे पाठ करा: पिवळा दिसला की पुढे धोका आहे, निळा दिसला की मागच्या वेगवान गाडीला वाट द्यायची. निळ्याचा मला चांगला अनुभव आहे. आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. मोकळे केस, ओढणी, मफलर हे फिरत्या कण्यात अडकून आपल्या देशात जीव गेलेले आहेत. केस हेल्मेटच्या आत गेल्याशिवाय चावी फिरवू द्यायची नाही. वडीलधाऱ्यांनी तिथे उभं राहून करण्यासारखं तेवढंच एक काम आहे.

घरात अर्थातच चर्चासत्र झालं. सूनबाईंना दहावी दिसत होती, मुलाला खर्च दिसत होता. "अहो, तुम्ही तिला फूस लावलीत," ही म्हणाली. मी नातीला सांगितलं, रीतसर अर्ज कर. तिने केला. कारण: वळण नीट घेता येणे. मुदत: एक वर्ष. परतफेड: नंतर बघू. तारण: माझी सायकल.

अर्ज वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ते वहीचं दुहेरी पान आलं. त्या मुलाच्या अर्जात उत्पन्नाचा रकाना रिकामा होता, हिच्याही होता. फरक इतकाच की हिच्यासमोर टेबलाच्या पलीकडे आजोबा बसले होते. त्याच्यासमोर साहेब होते. हा फरक काही तिने कमावलेला नाही आणि त्या मुलाने गमावलेला नाही, हे मला मंजुरी देताना टोचत होतं, अजूनही टोचतं. मी एक मुदत ठेव मोडली. अटी घातल्या: एकच वर्ष, महिन्यातून दोन रविवार, अभ्यास मागे पडला तर खातं बंद. आणि शेरा लिहिला. प्रस्ताव हौसेच्या स्वरूपाचा, मंजूर.

आता महिन्यातून दोन रविवारी आम्ही पहाटे सहाला निघतो. तिला मागच्या वळणावर अजून अर्धं सेकंद हवं आहे, ते कुठे आहे यावर वाटेत चर्चा चालते. त्या वेळी रस्त्यावर फक्त दूधवाले आणि पेपरवाले असतात. भिकारदास मारुतीपर्यंत दीड मिनिट लागतं.